मूठमाती, मामा आणि पंधरा म्हातारे: ‘अँटिगनी’ आज कशी बसवतात

सोफोक्लीस या प्राचीन ग्रीक नाटककाराचं ‘अँटिगनी’ बसवायला घेतलं की पहिल्या वाचनातच सगळ्यांचा जीव अँटिगनीवर जडतो. कोवळी मुलगी, समोर राजा, भावाचं प्रेत उघड्यावर पडलेलं, आणि ती हुकूम मोडून त्याला माती द्यायला निघालेली. कोणाची बाजू घ्यायची हे ठरवायला वेळ लागत नाही. मग तालमीत राजाला लष्करी गणवेश चढतो, डोळ्यांवर काळा चश्मा येतो, आवाज खर्जात जातो. नाटक तिथेच हातातून सुटतं. प्रेक्षकाला दहा मिनिटांत निकाल कळलेला असतो. उरलेला दीड तास तो राजाला शिक्षा कधी होते याची वाट बघत बसतो.

अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे नाटक आजच्या काळात आणताना सगळ्यात जास्त मेहनत क्रेऑनवर, म्हणजे त्या राजावर, घ्यावी लागते असं माझं ठाम मत आहे. त्याचं म्हणणं प्रेक्षकाला निदान अर्ध्या नाटकापर्यंत पटलं पाहिजे. गेल्या ऐंशी वर्षांत या नाटकाचे जे मोठे प्रयोग झाले, ते या एका कसोटीवर तपासले तर रूपांतर म्हणजे काय हे बऱ्यापैकी उलगडतं.

आधी गोष्ट सांगतो. थीब्ज नगरात आधीचा राजा इडिपस याच्या दोन मुलांनी गादीसाठी एकमेकांचा जीव घेतला. इटिओक्लीस शहराच्या आत राहून लढला. पॉलिनायसीस परक्या अर्गोसची फौज घेऊन स्वतःच्याच शहरावर चालून आला. दोघेही एकमेकांच्या हातून मेले आणि गादीवर आला क्रेऑन, त्यांच्या आईचा भाऊ. म्हणजे या मुलांचा सख्खा मामा. त्याने हुकूम काढला की इटिओक्लीसला सन्मानाने पुरायचं, पॉलिनायसीसला कुत्र्या-गिधाडांसाठी तसंच टाकायचं, आणि त्याला जो माती देईल त्याला मृत्युदंड. बहीण अँटिगनी गेली आणि प्रेतावर कोरडी माती भुरभुरवून आली. पुरणं एकटीच्या आवाक्यातलं नव्हतंच. धर्माला लागतं तेवढं तिने केलं.

यासाठी मराठीत शब्द तयार आहे, मूठमाती. ग्रीक नाटकाचा कणा ठरलेली कृती एका शब्दात मिळावी हे मराठी रूपांतरकाराचं भाग्य आहे. अडचण एवढीच की ‘जुन्या रूढींना मूठमाती दिली’ असं म्हणून म्हणून आपण त्या शब्दातली माती पुसून टाकली आहे. रंगमंचावर ती परत हाताला लागेल अशी दाखवावी लागते.

पुढचं थोडक्यात. पहारेकऱ्यांनी प्रेतावरची माती झाडून टाकली, अँटिगनी पुन्हा आली, पकडली गेली. धाकटी बहीण इस्मिनी आधी घाबरली होती, आता गुन्ह्यात वाटा मागायला पुढे आली, पण अँटिगनीने तिला झिडकारलं. क्रेऑनचा मुलगा हेमॉन याच्याशी अँटिगनीचं लग्न ठरलेलं. त्याने बापाला समजावून पाहिलं, भांडला, निघून गेला. क्रेऑनने तिला जिवंतपणी एका गुहेत कोंडलं. आंधळा ज्योतिषी टायरेसियस येऊन अपशकुन सांगून गेला तेव्हा क्रेऑनचं मन बदललं. उशीर झाला होता. अँटिगनीने गळफास घेतला, हेमॉनने तिच्या शेजारी स्वतःला तलवार भोसकली, आणि ते ऐकून हेमॉनच्या आईने, युरिडिसीने, घरात जाऊन जीव दिला. मागे उरला एकटा क्रेऑन.

तेव्हा ते कसं होत असे

सोफोक्लीसने हे नाटक इ.स.पू. ४४१ च्या सुमारास अथेन्समध्ये केलं असं मानतात. जागा अॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावरची, डायोनायसस देवाच्या वसंतातल्या उत्सवातली. दिवसाउजेडी, उघड्या आभाळाखाली, हजारो माणसांसमोर. बोलणारे नट फक्त तीन, सगळे पुरुष. मुखवटे बदलून तेच सगळ्या भूमिका करत. त्यांच्याबरोबर पंधरा जणांचा कोरस गात आणि नाचत असे. या नाटकात हा कोरस थीब्जमधल्या वयस्कर प्रतिष्ठितांचा आहे. त्याचा खर्च शहरातला एखादा श्रीमंत नागरिक उचलत असे.

तीन नटांच्या या हिशेबातून एक गंमत दिसते. अँटिगनी आणि हेमॉन, ज्यांचं लग्न ठरलंय ते दोघं, अख्ख्या नाटकात एकदाही समोरासमोर येत नाहीत. आजचं रूपांतर करणारे बहुतेक जण इथे हमखास एक प्रेमप्रसंग घालतात. घालावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण सोफोक्लीसने तो टाळला हे लक्षात ठेवून घालावा. त्याच्या नाटकात ही दोघं पहिल्यांदा एकत्र येतात ती गुहेत, मेल्यावर, आणि तेही आपण बघत नाही, दूताच्या तोंडून ऐकतो.

दुसरी गोष्ट आकड्यांतली. मूळ नाटक १३५३ ओळींचं आहे. ९४३ वी ओळ बोलून अँटिगनी गुहेकडे जाते आणि परत येत नाही. त्यानंतर चारशेहून जास्त ओळी उरतात. नाव तिचं, पण शेवटचा जवळजवळ तिसरा हिस्सा क्रेऑनच्या कोसळण्याचा आहे. ज्या दिग्दर्शकाने क्रेऑनला आधीच राक्षस करून टाकलं, त्याच्याकडे या चारशे ओळींत दाखवायला काही शिल्लक राहत नाही. राक्षस मेला की टाळ्या पडतात. इथे क्रेऑन मरतही नाही. त्याला जगावं लागतं.

क्रेऑनचं म्हणणं

क्रेऑन पहिल्यांदा येतो तेव्हा एक भाषण करतो. त्याचा आशय असा: सत्ता हातात येऊन कस लागल्याशिवाय माणूस कळत नाही. जो राज्यकर्ता भीतीपोटी तोंड मिटून बसतो तो सगळ्यात वाईट. देशापेक्षा मित्राला मोठं मानणाऱ्याला मी कवडीची किंमत देत नाही. शहर म्हणजे जहाज आहे, ते सरळ चाललं तरच माणसांना एकमेकांशी मैत्री करता येते.

यात चूक काय आहे? आदल्या रात्री शहर वाचलंय. अथेन्सच्या प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्यांनी इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन फौजेने जाळलेलं आपलं शहर डोळ्यांनी पाहिलं होतं. परक्यांची फौज घेऊन स्वतःच्या गावावर चालून येणारा माणूस त्यांच्या लेखी काय असेल याची कल्पना करून बघा. देशद्रोह्याला आपल्या भूमीत पुरू न देण्याची पद्धत खुद्द अथेन्समध्येही होती. हद्दीबाहेर नेऊन पुरायला मात्र आडकाठी नसे. क्रेऑन याच्या एक पाऊल पुढे जातो. तो प्रेत बाहेरही जाऊ देत नाही, आतही पुरू देत नाही, शहराच्या डोळ्यांसमोर सडवतो. एका पावलाचा हा फरक नाटकाचं मूळ आहे. प्रयोगात तो ठसला तर क्रेऑन माणूस राहतो, एक योग्य गोष्ट ताणून ताणून अयोग्य करून बसलेला माणूस.

हे मी ओढून-ताणून म्हणत नाही. इ.स.पू. ३४३ मध्ये वक्ता डेमोस्थेनीस याने प्रतिस्पर्धी एस्किनीसवर खटला चालवताना क्रेऑनचं हेच भाषण भर न्यायसभेत वाचायला लावलं. एस्किनीस पूर्वी नट होता आणि त्याने क्रेऑनची भूमिका केलेली होती. डेमोस्थेनीसचा मुद्दा असा की ही सोन्यासारखी वाक्यं तू रंगमंचावर बोललास, पण राजदूत म्हणून गेलास तेव्हा पाळली नाहीस. म्हणजे नाटक लिहून शंभर वर्षं होत आली तरी अथेन्सच्या नागरिकांना क्रेऑनची ही वाक्यं चांगल्या राज्यकारभाराचा धडा वाटत होती.

आणखी एक साक्ष आहे, आणि तिचं वजन मला याहून जास्त वाटतं. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट असताना रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी ‘अँटिगनी’ केलं तेव्हा नेल्सन मंडेला यांनी क्रेऑनची भूमिका केली होती. आत्मचरित्रात ते लिहितात की सुरुवातीचा क्रेऑन प्रामाणिक आहे, देशभक्त आहे, त्याच्या पहिल्या बोलण्यात शहाणपण आहे. पुढे तो ऐकेनासा होतो, दया विसरतो, आणि तिथे त्याचा घात होतो. ज्या माणसाला क्रेऑनसारख्यांनीच कोंडून ठेवलं होतं तो क्रेऑनची बाजू इतकी नीट समजून घेऊन उभी करतो. हे वाचल्यावर ती भूमिका करणाऱ्या नटाला आणखी काही सांगायची गरज पडू नये.

या तराजूचं दुसरं पारडंही बघायला हवं, कारण अँटिगनी संत नाही. ती इस्मिनीशी कठोर वागते. आणि गुहेकडे जाताना ती एक विचित्र युक्तिवाद करते: नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं, नवरा दुसरा मिळाला असता, मूल दुसरं झालं असतं, पण आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा कुठून होणार? जर्मन कवी गटेला या ओळी इतक्या खटकल्या की कोणा विद्वानाने त्या सोफोक्लीसच्या नाहीत असं सिद्ध करावं असं १८२७ मध्ये तो बोलून गेला. आजही अनेक प्रयोगांत त्या कापल्या जातात. मी त्या ठेवीन. मरायला निघालेली एकटी मुलगी आपण हे का केलं याचा हिशेब स्वतःशी जुळवतेय, आणि तो नीट जुळत नाहीये. त्या ओळींत ती खरी होते.

पॅरिस आणि कूर: एकाच गोष्टीची दोन वजनं

फेब्रुवारी १९४४. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात आहे. फ्रेंच नाटककार झाँ अनुई याने लिहिलेली ‘अँटिगनी’ आंद्रे बार्साक याच्या दिग्दर्शनाखाली अतेलिये नाट्यगृहात रंगमंचावर येते. अंगावर आजचे कपडे, पंधरा जणांच्या कोरसऐवजी एकच निवेदक, पत्ते कुटत बसणारे पहारेकरी. जर्मन सेन्सॉरने नाटक मंजूर केलं. अनुईचा क्रेऑन इतका समजूतदार आहे, इतका थकलेला आणि इतका तर्कशुद्ध बोलणारा, की कोणालाही वाटावं हे नाटक सत्तेची बाजू मांडतंय. कुणीतरी ‘हो’ म्हणून सुकाणू धरलंच पाहिजे, असं तो म्हणतो. तो अँटिगनीला सांगतो की दोन्ही भाऊ सारखेच नालायक होते, आणि प्रेतं इतकी चेंदलेली होती की त्यातलं बरं दिसलं ते सन्मानाने पुरलं. कोण कुठला हे मलाही ठाऊक नाही. अँटिगनी जवळजवळ मान तुकवते. तेवढ्यात क्रेऑन चूक करतो. तो तिला म्हणतो, जा, लग्न कर, सुखी हो. ‘सुख’ हा शब्द ऐकला आणि ती पुन्हा पेटते.

त्या प्रेक्षागृहात काहींना क्रेऑन पटला. काहींना त्या मुलीच्या ‘नाही’मध्ये आपल्या भूमिगत लढ्याचा आवाज ऐकू आला. हा वाद पॅरिस मुक्त झाल्यावरही चालू राहिला. क्रेऑनचं पारडं जड केलं तर काय होतं हे इथे दिसतं. अँटिगनीचा नकार तर्काच्या पलीकडे जातो. ती भावासाठी नाही, धर्मासाठी नाही, स्वतःसाठी मरते असं तिलाच कबूल करावं लागतं. अनुईने टायरेसियसला नाटकातून काढूनच टाकलं. देव नाहीत, शकुन नाहीत, तर आंधळ्या ज्योतिषाचं काम काय? रूपांतरात एक वीट काढली की दुसरी आपोआप निखळते ती अशी.

चार वर्षांनी, फेब्रुवारी १९४८ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या कूर या छोट्या गावात जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तने तीच गोष्ट उलट्या टोकाला नेली. कवी होल्डरलिनचं १८०४ मधलं जर्मन भाषांतर त्याने पायाला घेतलं. सुरुवातीला एक छोटा प्रवेश जोडला: बर्लिन, एप्रिल १९४५, दोन बहिणी, आणि सैन्यातून पळून आलेला त्यांचा भाऊ दाराबाहेर फासावर लटकवलेला. मूळ गोष्टही बदलली. ब्रेख्तच्या क्रेऑनने अर्गोसवर स्वतः स्वारी केली आहे, तिथल्या खाणींसाठी. पॉलिनायसीस आक्रमक उरत नाही, युद्धातून पळालेला सैनिक होतो. रंगमंचावर घोड्यांच्या कवट्या लावलेले खांब. नट मागच्या बाकांवर सगळ्यांच्या समोर बसलेले, पाळी आली की उठून पुढे येणारे. अँटिगनी झाली होती हेलेने वायगेल, वय सत्तेचाळीस, पाठीवर एक आडवी फळी बांधलेली. कोवळी मुलगी लागतेच या समजुतीला हे एवढं उत्तर पुरेसं आहे.

ब्रेख्तचा क्रेऑन खलनायक आहे, म्हणजे माझ्या कसोटीवर हा प्रयोग पडायला हवा. तो पडत नाही. ब्रेख्तने तराजू दुसरीकडे टांगला. त्याचा खरा आरोप कोरसवर आहे, लुटीचा वाटा खाऊन गप्प बसलेल्या म्हाताऱ्यांवर. तो अँटिगनीलाही सोडत नाही. तीही याच घरात वाढली, हीच भाकर खात आली, आपल्या माणसाचं प्रेत पडल्यावर उठली. कोण बरोबर हा प्रश्न सोडून नाटक कोण कधी बोललं हा प्रश्न विचारायला लागतं. पारडं हलवायचं असेल तर त्या बदल्यात दुसरीकडे वजन ठेवावं लागतं, ते ब्रेख्तने ठेवलं.

दोन माणसं, एक घोंगडी, एक विग

माझ्या मते या नाटकाचं सगळ्यात मोठं आधुनिक रूप ‘द आयलंड’ आहे. दक्षिण आफ्रिकेतले नाटककार अॅथल फ्युगार्ड आणि नट जॉन कानी व विन्स्टन एन्टशोना या तिघांनी मिळून ते घडवलं आणि जुलै १९७३ मध्ये केपटाउनच्या ‘द स्पेस’ नाट्यगृहात केलं. हे बेट म्हणजे तेच रॉबेन बेट. तुरुंगाबद्दल उघड बोलणं कायद्याने धोक्याचं होतं, म्हणून पहिल्या प्रयोगाच्या नावात बेट हा शब्दही नव्हता.

नाटकात दोनच पात्रं आहेत, एका कोठडीतले दोन कैदी, आणि त्यांची नावंही नटांचीच, जॉन आणि विन्स्टन. सुरुवातीला बराच वेळ एक शब्द नाही. एक जण वाळू खणून हातगाडीत भरतो आणि दुसऱ्याच्या खड्ड्याशी नेऊन ओततो. दुसरा तेच उलट करतो. ढीग कधी कमी होत नाही. समोर वाळूही नाही, गाडीही नाही, सगळं शरीराने दाखवायचं. रात्री कोठडीत हे दोघं तुरुंगातल्या कार्यक्रमासाठी ‘अँटिगनी’मधल्या खटल्याची तालीम करतात. जॉन क्रेऑन, विन्स्टन अँटिगनी. विन्स्टनला विग आणि खोटी छाती लावायची लाज वाटते, सगळे हसतील म्हणून तो चिडतो. मध्येच बातमी येते की जॉनची शिक्षा कमी झाली, तीन महिन्यांत सुटणार. विन्स्टनला जन्मठेप आहे. त्याने पोलीस ठाण्यासमोर आपलं पासबुक, म्हणजे कृष्णवर्णीयांना कायम जवळ बाळगावं लागणारं ओळखपत्र, जाळलं होतं. दोन जिवलगांमध्ये तीन महिन्यांची भिंत उभी राहते, आणि त्या भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून ते तालीम पूर्ण करतात.

शेवटी कार्यक्रम होतो. नाट्यगृहातले आपण प्रेक्षक एकदम तुरुंगातले प्रेक्षक होतो, कैदी आणि अधिकारी. क्रेऑन झालेला जॉन आपल्याला उद्देशून बोलतो. कायदा म्हणजे ढाल आहे, सगळ्यांच्या रक्षणासाठी आहे, असं तो गोड शब्दांत समजावतो, आणि ते शब्द ऐकायला चांगले वाटतात. मग विन्स्टन विग काढून फेकतो आणि स्वतःच्या तोंडाने बोलतो की ज्याचा मान राखायला हवा त्याचा मी राखला, म्हणून जिवंतपणीच्या मरणाकडे चाललोय. सोफोक्लीसची ९४३ वी ओळ जवळपास हेच सांगते. अडीच हजार वर्षांचं अंतर ओलांडायला एक विग फेकावा लागला.

या नाटकात थीब्ज नाही, कोरस नाही, हेमॉन नाही, गुहाही नाही. तरी मूळ ‘अँटिगनी’च्या जवळ जाणारं दुसरं रूप मी पाहिलेलं नाही. रूपांतरात किती गोष्टी ठेवल्या यावरून त्याचा प्रामाणिकपणा मोजू नये.

कोरसचं काय करायचं

आजच्या दिग्दर्शकाची झोप सगळ्यात जास्त उडते ती कोरसने. पंधरा माणसं एका सुरात बोलतात, गातात, नाचतात, सल्ला देतात, आणि काहीच करत नाहीत. वास्तववादी नाटकाची सवय लागलेल्या डोळ्यांना हे खोटं वाटतं. सोपा उपाय म्हणजे कोरस कापून एक सूत्रधार ठेवायचा. तो केला की मोठं नुकसान होतं, कारण कोरस म्हणजे शहर. क्रेऑन बोलतो ते त्यांच्यासमोर. अँटिगनी मरायला निघते ती त्यांच्या डोळ्यांदेखत. हेमॉन बापाला सुनावतो की एका माणसाच्या मालकीचं असेल ते शहरच नव्हे. हे वाक्य रिकाम्या रंगमंचावर बोललं तर बापलेकांचं भांडण होतं. पंधरा गप्प माणसांसमोर बोललं तर अंगावर काटा येतो.

मराठी प्रेक्षकाला हे वेगळं समजावण्याची गरज पडू नये. ‘घाशीराम कोतवाल’मधली ब्राह्मणांची रांग १९७२ पासून आपल्या ओळखीची आहे. ती रांग पडदा होते, भिंत होते, गाणारी मंडळी होते आणि सगळं माहीत असून मुकाट राहिलेलं पुणंही होते. तो ग्रीक कोरस नव्हे, त्याची मुळं आपल्या लोकनाट्यात आहेत. पण समूह रंगमंचावर काय करू शकतो याचा तो धडा आपल्या घरातच आहे.

लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये २०१२ साली पॉली फिंडले हिने दुसरी वाट काढली. तिचा क्रेऑन, ख्रिस्तोफर एकल्स्टन, सरकारी कचेरीत बसतो, आणि कोरस म्हणजे त्या कचेरीतले कर्मचारी. सुरुवातीचं दृश्य ओसामा बिन लादेनवरच्या कारवाईच्या वेळी अमेरिकन राष्ट्राध्यक्ष आणि सहकारी पडद्याकडे बघत बसल्याच्या प्रसिद्ध छायाचित्रावर बेतलेलं होतं. साहेबासमोर मान हलवणारी, मनात वेगळं असणारी ही माणसं कोणत्याही देशात लगेच ओळखू येतात. मात्र कर्मचारी गाऊ लागले की विचित्र दिसतं, त्यामुळे गाणी बोलण्यात उतरवावी लागतात आणि थोडी सुकतात.

गाणं वाचवलं ते अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात. फर्ग्युसनमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये मायकेल ब्राउन या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळी घातली आणि त्याचं प्रेत सुमारे चार तास भर उन्हात रस्त्यावर पडून राहिलं. दोन वर्षांनी ब्रायन डोअरीज याने ‘अँटिगनी इन फर्ग्युसन’ केलं, ते मायकेल ज्या नॉर्मंडी हायस्कूलमधून शिकून बाहेर पडला तिथेच. नट टेबलाशी बसून संहिता वाचतात. कोरस म्हणजे फिल वुडमोर याने बांधलेला गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं गाणारा, गायकवृंद, आणि त्यात शिक्षक, कार्यकर्ते आणि पोलीससुद्धा. प्रयोग संपला की प्रेक्षकांशी चर्चा, आणि ती प्रयोगाचाच भाग. ज्यांच्यात वैर आहे तेच एका सुरात गातात. कोरसचं काम याहून स्पष्ट करून दाखवणं अवघड आहे.

एक शब्द, एक लय, एक नातं

भाषेबद्दल सांगायचं तर कोरसचं सगळ्यात प्रसिद्ध गीत माणसावर आहे. माणूस समुद्र ओलांडतो, जमीन नांगरतो, पाखरं धरतो, बोलणं आणि नगर वसवणं शिकतो, फक्त मरण टाळू शकत नाही. पहिल्याच ओळीत एक विशेषण येतं, ‘देइनॉस’. त्याचा अर्थ अद्भुतही होतो आणि भयंकरही. भाषांतरकाराला बहुतेक भाषांत एक बाजू निवडावी लागते. मराठीत मला ‘अचाट’ हा शब्द जवळचा वाटतो. अचाट बुद्धी म्हणताना आपण कौतुक करतो, अचाट कृत्य म्हणताना कपाळावर आठी येते.

आयरिश कवी शेमस हीनी याला डब्लिनच्या अॅबी थिएटरसाठी हे नाटक करायचं होतं, २००४ मध्ये, त्या संस्थेच्या शताब्दीला. त्याला शब्दाआधी लय सापडली. अठराव्या शतकात एका आयरिश बाईने मारल्या गेलेल्या नवऱ्यावर केलेल्या विलापगीताची आखूड, तीन ठोक्यांची लय त्याने अँटिगनीच्या तोंडी घातली. मनात एक जुनी घटनाही होती: १९८१ मध्ये ब्रिटिशांच्या तुरुंगात उपोषणात मेलेल्या आयरिश बंडखोर फ्रान्सिस ह्यूजचं प्रेत घरच्यांच्या हाती सहज देण्यात आलं नव्हतं. प्रेत कोणाचं, राज्याचं की घराचं? हा प्रश्न त्याला थीब्जमधून आणावा लागला नाही. रडण्याची त्याच्या गावची पद्धत त्याने वापरली आणि नाटक आयरिश झालं.

मराठीत हे करायचं तर नावांपासून सुरुवात होते. पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लीसचंच दुसरं नाटक मराठीत आणताना ‘राजा ओयदिपौस’ असं नाव ठेवलं, ‘इडिपस’ हा इंग्रजी उच्चार बाजूला ठेवून ग्रीक ध्वनीच्या जवळ गेले. पात्रं ग्रीकच राहणार आणि मराठी बोलणार हे त्या एका नावात ठरून गेलं. दुसरी वाट थीब्जचं गाव करण्याची. तीत एक नातं आयतं हाती येतं. क्रेऑन मामा आहे. आपल्याकडे नवरी बोहल्याकडे जाते ती मामाच्या आधाराने. मूळ नाटकात गुहेकडे जाताना अँटिगनी वारंवार स्वतःला नवरी म्हणते, थडग्याला लग्नघर म्हणते. तिला तिथे पाठवणारा मामा आहे हे मराठी प्रेक्षकाला सांगावंही लागणार नाही. एकदा ती ‘मामा’ म्हणाली आणि त्याने ‘महाराज म्हण’ असं सुनावलं, की कायदा आणि घर यांतला सगळा झगडा दोन शब्दांत उभा राहतो.

एक सावधगिरी मात्र हवी. गोष्ट गावात आणली की प्रेत नाकारण्याला जात चिकटते, कारण आपल्याकडे स्मशानात कोणाला जागा मिळते हा प्रश्न जातीपासून वेगळा नाही. ते चिकटू द्यावं की नाही हे लेखकाने डोळे उघडे ठेवून ठरवावं. चिकटू दिलं तर क्रेऑनचं पारडं क्षणात हलकं होतं, कारण त्या हुकुमामागे मग देशरक्षणाचा तर्क उरत नाही. अशा वेळी ब्रेख्तसारखं दुसरीकडे वजन ठेवावं लागेल, गप्प बसलेल्या गावावर.

न दिसणारी मरणं

तिन्ही मरणं पडद्याआड होतात. दूत येऊन सांगतो. आजच्या दिग्दर्शकाला हे सगळं पडद्यावर चित्रित करून दाखवायचा मोह होतो. मी तो आवरा म्हणेन. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे उभं राहतं ते कॅमेऱ्याला जमत नाही, आणि त्यातही एक माणूस ऐकतोय हे दिसायला हवं. युरिडिसी ऐकते. तिला सगळ्या नाटकात मिळून नऊ ओळी आहेत. मुलगा मेल्याचं ऐकून ती एक शब्द न बोलता आत निघून जाते. एवढ्या छोट्या भूमिकेसाठी चांगली नटी घ्या, कारण ते निघून जाणं पेलायला मोठी ताकद लागते.

दूताच्या त्याच बोलण्यात क्रेऑनच्या नटासाठी सगळ्यात महत्त्वाची जागा लपलेली आहे, आणि ती प्रयोगात फार वेळा निसटते. क्रेऑन हादरून विचारतो, काय करू? कोरसचा प्रमुख क्रम सांगतो: आधी गुहेत जाऊन मुलीला सोडव, मग प्रेताला थडगं बांध. क्रेऑन धावत निघतो. पण दूत सांगतो त्यात क्रम उलटा आहे. राजा आणि त्याची माणसं आधी माळावर गेली. कुत्र्यांनी फाडलेलं प्रेत धुतलं, ताज्या फांद्यांवर अग्नी दिला, वर मायभूमीच्या मातीचा उंच ढीग रचला. हे सगळं नीट, विधीपूर्वक, वेळ घेऊन. मग गुहेकडे वळली.

क्रेऑन आधी तिकडे का गेला, याचं उत्तर नटाकडे तालमीतच तयार असलं पाहिजे. मला वाटतं पश्चात्ताप झाल्यावरही तो राजाच होता. राज्यावर देवांचा कोप होता तो प्रेतामुळे, म्हणून राज्याचं काम आधी, आणि बहिणीची मुलगी, होणारी सून, हे घरचं काम नंतर. पहिल्या भाषणात त्याने हेच सांगितलं होतं आणि आपण माना डोलावल्या होत्या. दूताने हा भाग सावकाश बोलावा. धुतलं, जाळलं, माती रचली. एकेका क्रियापदाला तिकडे गुहेतला वेळ सरतोय.